दोरीवाल्या बाई

दोरीवाल्या बाई डुकरांना शिव्या द्यायच्या आणि डुकरं त्यांच्याकडे पळत यायची. "या मुडद्यांनो, या. खाऊन खाऊन माजलात नुसते," असं म्हणत त्या शेडात शिरल्या, की पाचपन्नास नाकाडं एकदम त्यांच्या दिशेला वळायची. मी मात्र डुकरांशी फार गोड बोलायचो. मला पाहिलं की तीच डुकरं शेडच्या लांबच्या भिंतीला चिकटून उभी राहायची आणि मी एक पाऊल पुढे टाकलं की अशी किंचाळायची, की वस्तीवरची कुत्री जागी व्हायची. यात सगळ्यात वाईट गोष्ट अशी, की पशुवैद्य मी होतो. बाई सूक्ष्मजीवशास्त्राच्या. आमच्याकडे येईपर्यंत त्यांनी डुक्कर जवळून पाहिलं असेल ते रस्त्यावरच.

आमचं काम डुकरांच्या सर्दीखोकल्याचं होतं. लोकांना हे सांगितलं की लोक हसतात, म्हणून मी सहसा 'वराहांमधील श्वसनविषाणूंचं सर्वेक्षण' असं म्हणायचो. नगर जिल्ह्यातल्या, आता पाट्यांवर अहिल्यानगर लिहिलेलं असतं त्या जिल्ह्यातल्या, वराहपालनाच्या शेडांवर दर महिन्याला जायचं, डुकरांचे नमुने घ्यायचे, बर्फाच्या पेटीत घालून प्रयोगशाळेत आणायचे आणि त्यांत फ्लूचा किंवा फुप्फुसाचा दुसरा कुठला विषाणू आहे का ते बघायचं. प्रकल्प आमच्या सरांचा. त्यांच्या हाताखाली आम्ही दोघं, मी आणि बाई, दोघंही कंत्राटी. प्रकल्पाचा पुढचा टप्पा मंजूर झाला की एक जागा कायम होणार, हे सरांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. एकच जागा. मी बाईंच्या आधी वर्षभर रुजू झालो होतो, पदवी पहिल्या वर्गात होती, आणि ती जागा माझीच आहे असं मी घरी सांगूनही टाकलं होतं. मग बाई आल्या.

डुकराच्या नाकातून नमुना घेण्याची रीत मी शिकलो होतो ती अशी. दांड्याला लावलेला तारेचा फास डुकराच्या वरच्या जबड्यात अडकवायचा, एकानं तो घट्ट धरायचा आणि दुसऱ्यानं नाकात कापसाची लांब काडी फिरवायची. डुक्कर या काळात जो आवाज काढतं तो ज्यानं ऐकलाय तो विसरत नाही. श्रीरामपूरकडच्या बेलापूरजवळ मंदाकाकूंच्या शेडवर मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा काकू पदर कानांवर दाबून पडवीत जाऊन बसल्या होत्या. त्या घरातल्या कुणी डुकराचं मटण कधी तोंडात घातलेलं नाही. दारात ऊस, दोन गाई, आणि भावकीचं नाक मुरडणं सहन करून काकूंनी स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं हे शेड. पुण्याचा व्यापारी डुकरं न्यायला टेम्पो घेऊन यायचा तेव्हा त्या आत जाऊन दार लावून घ्यायच्या. असल्या बाईच्या डुकरांना मी फास लावत होतो. तिसऱ्या डुकरानंतर काकू म्हणाल्या, "डाक्टर, आज येवढंच बास करा. माझ्या जनावरांचा जीव घाबरा झाला." आमच्याकडे नमुने तीन आणि माझ्या पोटरीला डुकरानं दिलेली जखम एक. सर नंतर म्हणाले, "तुमचे नमुने कमी आणि टाके जास्त." हे ते हसून म्हणाले, पण बाईंच्या समोर म्हणाले.

पुढच्या महिन्यात बाईंनी फास जीपमधून खाली काढूच दिला नाही. पिशवीतून हातभर सुती दोराचा तुकडा काढला, त्याचं टोक उसवून झुबका केला आणि शेडच्या आडव्या पाइपला डुकराच्या खांद्याच्या उंचीवर टांगला. मग पालथ्या बादलीवर बसून काकूंशी गप्पा मारायला लागल्या. आधी एक पिल्लू आलं, त्यानं दोर हुंगला, चावला. मग दुसरं. थोड्या वेळात अर्ध्या शेडची डुकरं दोर चघळायला ढकलाढकली करत होती. "ए हावऱ्या, सरक की जरा, त्या बारकीला मिळू दी," असं बाई अधूनमधून ओरडायच्या. चहा होईपर्यंत दोर लाळेनं चिंब झाला. त्यांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिळला, ती लाळ नळीत ओतली आणि झाकण लावलं. झालं काम. एकही डुक्कर किंचाळलं नाही. ही रीत परदेशात रूढ आहे, मीही वाचली होती. पण मी ती वाचून बाजूला ठेवली होती, कारण माझ्या मते ती आपल्याकडे चालली नसती. काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नाचता येईना, अंगन वाकडं, न्हाई का वो डाक्टर?" आणि बाईंना म्हणाल्या, "दोरीवाल्या बाई, तुमी जेवूनच जा." तेव्हापासून जिल्ह्यातल्या सगळ्या शेडांवर त्यांचं तेच नाव पडलं. मला नाव पडलं नाही. मी नुसता डाक्टर राहिलो.

दोर आणायला त्या स्वतः बाजारात जायच्या आणि मला बरोबर न्यायच्या. श्रीरामपूरच्या एका दुकानात दुकानदारानं सवयीनं विचारलं, "कशासाठी पाहिजे? बैलाला, का गाईला?" मी घाईघाईनं म्हणालो, "प्रयोगशाळेसाठी." बाई म्हणाल्या, "डुकरांना चघळायला. रंगवलेला नको, खळ लावलेला नको, स्वच्छ सूत पाहिजे. लेकराच्या पाळण्याला देता तसला द्या." दुकानदार थोडा वेळ बघत राहिला आणि मग त्यानं आतून उत्तम दोर काढून दिला. वर पुढच्या वेळी गेलो तेव्हा "डुकरं काय म्हणतात?" म्हणून चहा मागवला, तोही बाईंसाठी. मला नुसतं विचारलं, इतकंच.

मला हेवा वाटायचा. शब्द चाचरत म्हणण्यात काही अर्थ नाही. साधासुधा नाही, पोटात दुखेल असा हेवा. बाई सकाळी जीपमध्ये बसल्या की आज ही काय नवीन करून दाखवणार, याचाच मी वाटभर विचार करायचो. आणि त्या काहीतरी करायच्याच.

एकदा कोपरगावच्या बाजूला एका ग्रामपंचायतीत आम्हाला माहिती द्यायला बोलावलं होतं. डुकराच्या श्वसनमार्गात पक्ष्यांचा फ्लूही शिरू शकतो आणि माणसांचाही, दोन्ही एकाच वेळी शिरले तर त्यांची सरमिसळ होऊन नवाच विषाणू तयार होऊ शकतो, म्हणून डुकरांवर नजर ठेवायची, एवढंच सांगायचं होतं. मी रंगीत बाणांची चित्रं तयार केली होती. दोन रात्री जागलो होतो त्यासाठी. माझ्या तिसऱ्या चित्राला पुढच्या रांगेतले आजोबा झोपले. मग बाई उठल्या आणि त्यांनी सांगितलं, "डुकराचं नाक म्हणजे यष्टी स्टँड हाय. पाखरांची गाडी येती, माणसांची गाडी येती. कधी दोन्ही एकदम लागत्यात. पॅसिंजर हिकडचा तिकडं चढतो, तिकडचा हिकडं. आन् मग आशी गाडी भायेर पडती, जिची पाटी कुनालाच वाचता येत न्हाई. आमी फकस्त स्टँडावर बसून गाड्या मोजतो." आजोबा जागे झाले. लोकांनी प्रश्न विचारले. पुढे सरांनी दिल्लीच्या परिषदेत हेच उदाहरण इंग्रजीतून दिलं आणि आल्यावर बाईंचं कौतुक केलं. माझे बाण अजून माझ्या लॅपटॉपमध्ये आहेत.

प्रयोगशाळेत बाई शुद्ध बोलायच्या. शेडवर गेल्या की त्यांची जामखेडची बोली आपोआप बाहेर यायची. त्यांचे आईवडील ऊसतोडीला कोपरगावकडे यायचे. एकदा तिकडून परत येताना त्यांनी जीप थांबवायला लावली आणि कारखान्याजवळचं एक मोकळं रान दाखवलं. "इथं आमची पाचटाची कोपी असायची," त्या म्हणाल्या. "मी साखरशाळेत पहिली ते तिसरी शिकले, तेही फक्त हंगामापुरतं. सर्दी वर्षभर. वीस कोप्या एकमेकींना लागून, एक पोर शिंकलं की आठवड्यात सगळा तळ खोकायचा. मला तेव्हापासून कळायचं की ही गोष्ट कुठून तरी येते आणि कुठं तरी जाते." त्या हे अगदी सहज म्हणाल्या, आणि गाडीत बसून शेंगा खायला लागल्या. आणि मला, काय सांगू, याचाही हेवा वाटला. माझं बालपण सावेडीत दोन मजली घरात गेलं. मी पशुवैद्य झालो कारण डॉक्टरकीला गुण कमी पडले. विषाणूंकडे वळायला असलं काही कारण आपल्याकडे असावं, असं मला त्या रानाकडे बघताना फार वाटलं.

बाईंचे दोष सांगताना मला जरा बरं वाटतं, म्हणून सांगतो. त्या दुसऱ्याच्या डब्यातली भाजी न विचारता घ्यायच्या आणि वर "मीठ कमी आहे" म्हणायच्या. माझी तीन पेनं त्यांनी नेली ती परत आली नाहीत. जीप त्यांच्या हातात दिली की मी दार धरून बसायचो. कुणाचंही कौतुक करताना त्यांचा जीव जायचा, स्वतःचं मात्र मोकळेपणानं करायच्या. "माझं काम चांगलंच असतं," हे वाक्य त्यांनी सरांच्या तोंडावर म्हटलेलं मी ऐकलं आहे. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर सर चिडले असते. त्यांना सर "हो, ते खरं आहे" म्हणाले. म्हणजे दोषसुद्धा त्यांना लागू पडत नव्हते.

एका गोष्टीत मात्र त्या कुणालाच सोडायच्या नाहीत. डुकरांकडून माणसाला फ्लू येतो याची सगळ्यांना भीती, पण त्याहून कितीतरी वेळा तो माणसाकडून डुकराला जातो. त्यामुळे सर्दीवाल्या माणसानं शेडात पाऊल टाकायचं नाही, असा आमचा नियम होता. बाईंनी तो चार शब्दांत आणला होता: "शिंक आली, फाटकाबाहेर जा." एका सकाळी मंदाकाकू चुलीवर मिरच्या भाजत होत्या. त्या खाटानं मला एक शिंक आली. बाईंनी शेडातूनच हात केला. मी म्हणालो, "अहो, मिरचीची आहे." त्या म्हणाल्या, "शिंकेवर लिहिलेलं नसतं डॉक्टर, मिरचीची का फ्लूची." मी दुपारपर्यंत जीपमध्ये बसून होतो. त्यांनी चहा आणला तोही बॉनेटवर ठेवला आणि मागे सरकून उभ्या राहिल्या. काकूंचे मालक, रावसाहेबकाका, येता जाता मला बघून हसत होते. "काय डाक्टर, वर्गाभायेर काढलं व्हय?" असं त्यांनी दोनदा विचारलं. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, की एक दिवस ही बाई चुकेल आणि तेव्हा मी जवळपास असेन.

मी जवळपास होतो.

त्या थंडीत बेलापूरकडच्या सगळ्या गावांत खोकल्याची साथ होती. शाळा ओस पडल्या होत्या. आम्ही नेहमीप्रमाणे काकूंच्या शेडवर गेलो, दोर टांगले, नमुने घेतले. दोघंही ठणठणीत. काकू जरा खोकत होत्या, म्हणून बाईंनी त्यांना पडवीतच बसवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाईंना ताप भरला. त्यांनी घरी बसूनच आधी काकूंना फोन केला, "डुकरांकडं नीट बघा, कुनी खोकलं तर लगेच कळवा," आणि स्वतःच्या घशाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून दिला. पुढच्या दोनचार दिवसांत काकूंची डुकरं खोकायला लागली. कुत्रं भुंकावं तसा कोरडा खोकला, अंगात ताप, खाण्यावर वासना नाही. तोंडाला मास्क बांधून मी एकटा जाऊन नमुने आणले. फ्लू निघाला. बाईंच्या घशातही फ्लू. दोन्ही नमुने पुण्याला पाठवले, तिकडून विषाणूची सगळी कुळकथा आली: त्या हंगामात माणसांमध्ये फिरत होता तोच.

आता गावाची गोष्ट. गावातले एक म्हातारे आजोबा श्रीरामपूरच्या दवाखान्यात दाखल होते आणि त्यांच्या कागदावर 'स्वाइन फ्लू' लिहून आलं होतं. इकडे काकूंची डुकरं खोकतात ही बातमी फुटली. दोन बातम्यांची गाठ पडायला गावात वेळ लागत नाही. शेड बंद करा, डुकरं हलवा, नाहीतर आम्ही हलवतो, असा ठराव घ्यायला ग्रामसभा बोलावली गेली. काकूंचा फोन आला तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. रावसाहेबकाकांनी फोन घेतला आणि म्हणाले, "साहेब, हिनं सगळ्या भावकीशी वैर घेऊन हे उभं केलंय. तुमी लोकांनी येऊन काई तरी सांगा."

सरांनी मला पाठवलं, आणि ताप उतरून पुरते दिवस गेल्यामुळे बाईही आल्या. मारुतीच्या देवळाच्या पारासमोर माणसं बसली होती. पहिल्यांदा मी बोललो. माझ्यासाठी ती संधी होती आणि मी ती ओळखून होतो, कारण पुढच्या टप्प्याची मंजुरी आठवड्यावर आली होती. मी सांगितलं की जनुकीय साधर्म्य पाहता हा विषाणू मानवी साखळीतला असावा आणि संक्रमणाची दिशा मानवाकडून वराहाकडे असण्याची शक्यता अधिक आहे. सगळं बिनचूक होतं. सरपंच म्हणाले, "म्हंजी कुनाकडनं आला, ते सांगा ना साहेब." मी म्हणालो, "ते निश्चित सांगता येत नाही." मागून कुणीतरी म्हणालं, "ह्यांलाच म्हाईत न्हाई. उचला डुकरं." माणसं उठायला लागली. काकू एका कडेला बसल्या होत्या, त्यांनी डोळे मिटून घेतले.

तेव्हा बाई पारावर चढल्या. "बसा," त्या म्हणाल्या, आणि माणसं बसली. "मी सांगते कुनाकडनं आला. माझ्याकडनं आला. ह्यो रोग नावाला डुकराचा हाय. पन आता लई वर्सं झाली, त्यो मानसातच नांदतोय. आजोबा कवा आजारी पडले? सोमवारी. त्यांनी कवा शेडाचं तोंड तरी बघितलं का? न्हाई. तवा डुकरं कशी हुती? धडधाकट. गुरवारी मी शेडात गेले, शुक्रवारी सांजच्याला मला ताप भरला. त्याच्या मागून डुकरं खोकायला लागली. डुकरांनी तुमाला काई दिल्यालं न्हाई. त्यांलाच आमी दिलं. दंड करायचा तर मला करा. कुलूप शेडाला लावायचं म्हनता? आधी माझ्या नाकाला लावा." पहिल्यांदा एक बाई फसकन हसली. मग सगळेच हसले. हसल्यावर राग राहत नाही. सरपंचांनी ठराव बदलला: खोकला असेल त्यानं शेडाकडे फिरकायचं नाही, बाकी शेड आहे तिथे राहील. काकू डोळ्यांना पदर लावून रडत होत्या, आणि गावातल्या दोघीतिघी त्यांच्याजवळ जाऊन बसल्या होत्या.

आजोबा आधी आजारी पडले होते, ही तारीख माझ्या हातातल्या टिपणातच होती. पाचव्या पानावर, खाली, बारीक अक्षरात.

परत येताना माझा नुसता जळफळाट होत होता. शेवटी मी म्हणालो, "बाई, एक सांगू? शास्त्र म्हणून तुम्ही बोललात ते बरोबर नाही. माणसाकडून आला एवढंच आकडे सांगतात. तुमच्याकडूनच आला असं नाही. काकूही त्या दिवशी खोकत होत्या. सगळं गावच खोकत होतं."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "डॉक्टर, गावाला एक नाव लागतं. 'सांगता येत नाही' हे उत्तर गाव घरी घेऊन जात नाही. आपण नाव दिलं नाही तर ते डुकरांचं घेतात. डुकरांचं नाही मिळालं तर काकूंचं घेतील. काकूंना तिथं राहायचंय. मला काय, मी आज आहे, उद्या नाही."

हे शेवटचं त्या सहज बोलल्या असाव्यात. पण तसंच झालं. सभेत एक वार्ताहर बसला होता. दोन दिवसांनी छापून आलं, की संशोधन करणाऱ्या बाईंनीच डुकरांना फ्लू दिला. पुढे वरून फोन आले. प्रकल्पाची सुरक्षा, नियम, संस्थेचं नाव. सरांना मी आकडे नेऊन दाखवले. म्हणालो, "सर, हे सिद्ध होत नाही. आणि नियमही मोडलेला नाही, त्या दिवशी बाई ठणठणीत होत्या." सर म्हणाले, "मला कळतंय. पण ती स्वतः चारचौघांत बोलली आहे. आता आकडे कोण वाचतो?" ते खरोखर दुःखी होते. मंजुरी आली तेव्हा तिच्याबरोबर एका नावाला नकारही आला. जागा मला मिळाली.

घरी पेढे वाटले. आई म्हणाली, "बघ, मी म्हणत होते." मी पेढा खाल्ला. माझ्या कामानं मला ती जागा मिळाली असं म्हणायला जीभ रेटेना, आणि बाई चुकल्या म्हणून मिळाली असंही म्हणता येईना, कारण त्या चुकल्या नव्हत्या. त्यांनी ती जागा पारावर उभं राहून सोडून दिली होती, आणि मला ती उचलायला खाली वाकावं लागलं होतं. जिथे जाईन तिथे लोक विचारत होते, "बाईंचं काय झालं?" माझं अभिनंदन करायला आलेले लोकसुद्धा तेच विचारत होते. हरल्यावरही माणूस इतका पुढे कसा राहू शकतो, या विचारानं माझं डोकं फिरायचं.

बाईंना जामखेडजवळच्या एका कॉलेजात शिकवायची नोकरी मिळाली. जायच्या आदल्या दिवशी त्या म्हणाल्या, "काकूंकडे नेऊन आणता का? मला शेड बघून घ्यायचंय." त्या दिवशी नमुन्यांचं काम नव्हतं. डुकरं बरी झाली होती, नवी पिल्लं झाली होती. बाईंनी एका पिल्लाला उचलून "ए टवळे, किती गं वजन तुझं" असं काहीतरी म्हटलं आणि ते पिल्लू त्यांच्या खांद्यावर झोपूनच गेलं. निघताना काकूंनी त्यांना पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं आणि खण, नारळ, मूठभर गहू घालून ओटी भरली. लेक सासरी जाताना भरतात तशी. रावसाहेबकाका दारात पाठमोरे उभे होते. त्या घरानं मला इतक्या वर्षांत चहा भरपूर पाजला होता. पण मी तिथे चपला हातात घेऊन उभा होतो, खिशात कायम नोकरीचं पत्र होतं, आणि मला त्या खणाचा हेवा वाटत होता. काकू मला म्हणाल्या, "डाक्टर, तुमी येत जावा हं." त्या मनापासून म्हणाल्या. तरीही ते कमीच वाटलं.

परतीच्या वाटेवर बाई ओटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग होती, जीप हळूहळू चालली होती. आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, असं वाटून मी म्हणालो, "बाई, मला तुमचा फार हेवा वाटायचा. पहिल्या दिवसापासून. आजही वाटतोय."

"कळायचं की," त्या म्हणाल्या. "माझ्या दोराकडं तुमी कसं बघायचा, ते डुकरांनासुद्धा कळायचं." एवढं म्हणून त्या हसल्या. मग खिडकीकडे तोंड केलं. ओटीतले गहू बोटांनी सारखे करत राहिल्या.

"मला तुमचा कवाच वाटला न्हाई डॉक्टर. खरं सांगते. पन आज लई वाटतोय. पुढच्या म्हयन्यात तुमी परत हितं येनार. पिल्लं मोठी झाल्याली तुमाला दिसनार. मी तिकडं फळ्यावर डुकराचं चित्र काढनार."

इतकी वर्षं मला दुसरं काही नको होतं. या बाईला एकदा, एकदाच, माझा हेवा वाटावा. तो वाटला, तिनं तोंडानं सांगितला, आणि मी जीप रस्त्याच्या कडेला घेतली. मागून ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता, "ओ भाऊ, गाडी काढा की," म्हणत होता. मला काही वेळ गिअर टाकता आला नाही.